दीपमालाची साफसफाई

रनाळ्यात कुणाला सातबारा काढून हवा असला, कुणाच्या नातीचा निकाल बघायचा असला, की गल्लीतली माणसं नवनीत पाटलाच्या घराकडे बोट दाखवायची. नवनीतला विचारा, असं मात्र कुणी म्हणायचं नाही. नवनीत धडगावच्याही वर एका आश्रमशाळेत शिक्षक. आठवडाभर डोंगरात राहायचा, शनिवारी संध्याकाळी खाली उतरायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचा. त्या घरात कॉम्प्युटर कळायचा तो त्याच्या बायकोला, दीपमालाला.

दीपमाला माहेरची नवापूरची, एसटीतल्या कंडक्टरची लेक. बारावी झाल्यावर तिने नंदुरबारला दिलवरसिंग सरांच्या क्लासात एमएससीआयटी केलं, आणि इतकं मन लावून केलं की सरांनी तिला तिथंच नव्या पोरींना शिकवायला ठेवून घेतलं. सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची, रेल्वेच्या डब्यातही हातातली वही सुटायची नाही. हे सुख जेमतेम एक हिवाळा टिकलं. मग रनाळ्याचं स्थळ आलं. बागायती जमीन, एकुलता एक मुलगा आणि तोही शिक्षक. आमच्या भागात शिक्षक मुलगा म्हटलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. लग्न झालं, आणि माऊस धरणारा हात भाकरी थापायला आणि मिरचीचे देठ खुडायला लागला.

पुढं लॉकडाऊनमध्ये लेकीची, भूमिकाची, शाळा घरात आली म्हणून नवनीतने कॉम्प्युटर घेतला. खोकं उघडून दुकानदाराच्या माणसाला काही सुचेना, तेव्हा पदर खोचून दीपमालाने वायरी जोडल्या. सासरची माणसं बघतच राहिली. सुनेच्या अंगात हे काही आहे, याची त्यांना तोवर कल्पनाच नव्हती. आणि कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता, सासऱ्यांच्या खाटेशेजारी. सासरे म्हणजे भिला पाटील, सगळे त्यांना आबा म्हणायचे. पंचाहत्तरीला टेकलेले, पण नजर शाबूत. भूमिकाने की-बोर्डावर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून दिल्यापासून आबा एका बोटाने टकटक करत नंदुरबार बाजारातले मिरचीचे भाव बघायचे आणि भाव कमी दिसला की मशीनला शिव्या द्यायचे. सकाळी आबा, दुपारी घर रिकामं असताना दीपमाला, संध्याकाळी भूमिका, आणि रविवारी नवनीत. एका मशीनवर चार माणसं, आणि खातं एकच, नवनीतच्या नावाचं.

या घरची एक रीत इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नव्हती आणि सासरा सुनेशी. भांडण वगैरे काही नाही, उलट फार मान. पण बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. लेकी बोले सुने लागे ही म्हण बाकीच्यांच्या घरी टोमण्यासाठी वापरतात, या घरात तिच्यावर रोजचा कारभार चालायचा. भूमिका बोलायला लागल्यापासून निरोप्याचं काम तिच्याकडे आलं. ती नसली तर आबा गोठ्यात जाऊन म्हशीला मोठ्याने सांगायचे की आज शेतातून यायला उशीर होईल. म्हैस काय ऐकायची ते देव जाणे, दीपमाला स्वयंपाकघरात ऐकायची आणि भाकरी उशिरा टाकायची. आणि ती दाराच्या चौकटीला सांगायची की चहा झालाय. आबांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिने पदर डोक्यावरून खाली पडू दिला नव्हता. भूमिकाला याचं हसू यायचं, पण दोघांनाही त्यात काही अवघड वाटत नव्हतं.

अवघड झालं ते यंदाच्या दिवाळीत. पहिल्या आंघोळीला उटणं लावताना दीपमालाच्या बोटांना डाव्या बगलेच्या खाली, छातीच्या कडेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढं काही लागलं. दुखत नव्हतं. तिने हात काढला, पुन्हा लावला. होतंच. बाहेर भूमिका फटाक्यासाठी हाका मारत होती आणि ही आत ओल्या अंगाने उभी.

तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं कुणाला, हाही प्रश्नच होता. सासू भिकुबाई, दीपमाला लग्न होऊन यायच्या आधीच पोटाच्या दुखण्याने गेलेली. घरात दुसरी बाई नाही. आई नवापूरला, रक्तदाबाची. नवनीतचा स्वभाव असा की पोरीला साधा ताप आला तरी त्याला जेवण जात नाही, आणि त्यात तो डोंगरात, जिथं रेंज धरायला टेकडीवर चढावं लागतं. भूमिका बारावीला. आणि सगळ्यांत मोठं भय म्हणजे लोक. आज ना उद्या भूमिकासाठी स्थळं बघायची. आमच्याकडे मुलीचं शिक्षण नंतर विचारतात, आईला काय दुखणं होतं ते आधी. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मूठ झाकली आणि ती रोज आवळत गेली.

पण मनाला कुठं झाकता येतं? तिचा चांगला मोबाईल भूमिकाच्या क्लासला जायचा, तिच्याकडे बटणांचा साधा फोन. एका दुपारी आबा शेतात गेलेले बघून ती कॉम्प्युटरपुढं बसली आणि तिने टाइप केलं, गाठ दुखत नसेल तर काय समजायचं. उत्तरं भरपूर आली. एक म्हणे घाबरू नका, बहुतेक गाठी साध्या असतात. दुसरं म्हणे दुखत नाही म्हणून गाफील राहू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. तिने सगळं बंद केलं. दुसऱ्या दुपारी परत उघडलं. तिसऱ्या दुपारीही. खरूज खाजवली की बरं वाटतं आणि मग जास्त आग होते, तसं तिचं झालं. वाचून भीती जाईना आणि न वाचता राहवेना.

एका संध्याकाळी ती आत भाकरी टाकत होती. भूमिका पुस्तक घेऊन बसली होती म्हणून बाहेर आबांची टकटक चालू होती. आबा नातीला म्हणाले, की मी दोन अक्षरं दाबतो आणि पुढचं हे मशीन स्वतःच लिहून काढतं, हे कसं काय? भूमिका पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, की आधी कुणी जे शोधलेलं असतं ना आबा, तेच ते पुढं करतं. आबा बरं म्हणाले. त्यांची टकटक थांबली. आत तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दुपारी घर रिकामं झाल्याबरोबर दीपमालाने मशीन सुरू केलं. आबा रोज गावराणी मिरचीचा भाव बघतात, तेव्हा तिने नुसतं गा एवढंच अक्षर दाबलं. खाली लगेच ओळ उमटली, गाठ दुखत नसेल तर काय समजायचं. तिच्या खाली दुसरी, छातीतल्या गाठीची. तिच्या खाली तिसरी. मिरची पार तळाला गेलेली. शिवाय भावाच्या पानावर कडेला जाहिराती कसल्या, तर पूर्वी पंप आणि ठिबकच्या नळ्या दिसायच्या, आता पांढऱ्या कोटातल्या बायका हसत होत्या. आबांनी हे बघितलं असेल का? बघितलं असलं तरी कळलं असेल का? आणि खातं तर नवनीतच्या नावाचं.

आता हे सगळं पुसायचं होतं, आणि असं पुसायचं होतं की पुसलंय हे कुणाला कळू नये. त्याला निमित्त तयार होतं. मशीन खरंच मंद झालं होतं, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, भूमिका रोज कुरकुर करायची. साफसफाई केली म्हटलं तर कुणी काही विचारणार नव्हतं.

साफसफाई तिला येत होती. दिलवरसिंग सर पहिल्याच आठवड्यात शिकवायचे, की आपण इंटरनेटवर जे पान बघतो त्याची चित्रं आणि तुकडे मशीन स्वतःजवळ साठवून ठेवतं, पुढच्या वेळी लवकर दिसावं म्हणून. त्याला टेंपररी फाइल म्हणायचं. त्या काढल्या तर काही बिघडत नाही, उलट मशीन मोकळं होतं. पण शेजारीच कामाच्या वस्तूही असतात, पासवर्ड असतात, डाउनलोड करून ठेवलेलं असतं. म्हणून प्रत्येक चौकटीपुढचं नाव वाचायचं, मगच खूण करायची, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी एकदा वरून खाली बघून घ्यायचं. सर म्हणायचे, घाईत झाडू मारणारी बाई अंगठीही केरात लोटते. पुढं दीपमाला हेच नव्या पोरींना सांगायची.

त्या दुपारी तिने सरांच्या पद्धतीने सगळं नीट केलं. वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून आत गेली. इतिहासाला खूण केली, साठवलेल्या चित्रांना आणि टेंपररी फाइलींना केली. कुकीजना केली, म्हणजे त्या जाहिराती पाठ सोडतील. पासवर्डची खूण काढली, कारण भूमिकाच्या क्लासचा पासवर्ड भूमिकालाही आठवत नव्हता. डाउनलोडला हातसुद्धा लावला नाही. वरून खाली दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. मग गा दाबून पाहिलं. काही आलं नाही. तिने दुपारचा चहा त्या दिवशी पहिल्यांदा चवीने घेतला.

दुसऱ्या दुपारी तिने माऊस हलवला आणि पडदा उजळला, तर समोर एक पान उघडं होतं. नंदुरबारातल्या कुण्या बाई डॉक्टरचा दवाखाना. चष्मा लावलेल्या डॉक्टरीणबाईंचा फोटो, खाली लिहिलेलं, स्त्रियांच्या छातीतील गाठींची तपासणी. पत्ता, वेळ, फोन नंबर.

हे तिने उघडलेलं नव्हतं. तिने दवाखाना असा कधी शोधलाच नव्हता, ती त्या वाटेला जायलाच घाबरत होती. म्हणजे जाहिरात आपोआप उघडली. म्हणजे काल पुसलेलं पुसलं गेलंच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. दुसरं कुणाचं मन तिथं पोचलं असेल ही शंकासुद्धा तिला आली नाही. तिने ते पान झाकलं आणि पुन्हा सगळं पुसलं, या वेळी पहिल्यापासूनचं.

तिसऱ्या दुपारी तेच पान. तोच चष्मा, तीच वेळ, तोच नंबर.

एकदम तिच्या ध्यानात आलं, की मशीनमधून पुसून काय होतं, हे सगळं खात्यालाही लागलेलं असतं. खातं नवनीतचं. त्याच्या मोबाईललाही तेच. तिकडे डोंगरात टेकडीवर उभा राहून तो रेंज धरेल, शाळेचं काही शोधायला दोन अक्षरं दाबेल आणि त्याच्यापुढं बायकोची गाठ उभी राहील. तिने खात्याच्या आत शिरून तिथल्या नोंदी शोधल्या. त्याही काढल्या. हे करताना दारात कुत्रं भुंकलं तरी ती पान झाकायची. घरात कुणी पाणी मागितलं की ती दचकायची. भूमिका म्हणाली, मम्मी, तुला बरं नाही का? दीपमाला म्हणाली, मिरचीचा ठसका लागलाय. हंगामच मिरचीचा होता, ते कुणालाही पटलं असतं.

ती सगळं पुसून काढत होती, एवढी एक गाठ सोडून. आंघोळीला गेली की हात आपोआप तिथं जायचा. हरभऱ्याचा वाटाणा झालाय का, की भीतीने तसं वाटतंय, हेही तिला कळेनासं झालं होतं.

शुक्रवार उजाडला. उद्या संध्याकाळी नवनीत येणार, परवा दिवसभर मशीनपुढं बसणार. दुपारी आबा बाहेर गेले आणि दीपमालाने पडदा उजळला. डॉक्टरीणबाई हजर होत्या.

मग ती सरांचं सगळं विसरली. तिने मशीनची साफसफाई करायची मोठी यादी उघडली. टेंपररी इंटरनेट फाइली, जुने तुकडे, कचऱ्याची टोपली, डाउनलोड, एकापुढं एक चौकटी. तिने काही वाचलं नाही. खालपर्यंत सगळ्या चौकटींत खुणा केल्या, ब्राउझरमध्ये जाऊन पासवर्डसकट सगळ्याला खुणा केल्या, आणि वरून खाली न बघता बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली. काय जातंय ते तिला दिसत नव्हतं, नुसतं जातंय एवढंच बरं वाटत होतं. पट्टी संपली तेव्हा सी ड्राइव्ह मोकळा झाला होता, लाल रंग गेला होता, आणि तिला हुंदका आला.

भूमिका कॉलेजातून आली ती थेट कॉम्प्युटरपुढं बसली. आबाही तेवढ्यात खाटेवर येऊन टेकले होते. थोडा वेळ नुसता माऊसचा आवाज. मग भूमिकाने विचारलं, की माझ्या नोट्स कुठं गेल्या? आवाज चढत गेला. क्लासच्या सरांनी पाठवलेल्या फिजिक्सच्या सगळ्या नोट्स, व्हिडिओ, डाउनलोडमध्ये ठेवलेलं वर्षभराचं सगळं रिकामं. कचऱ्याच्या टोपलीतही नाही. क्लासचं पान उघडत नाही, पासवर्ड मागतंय. परीक्षा तोंडावर आलीय आणि हे कुणी केलं?

दीपमाला आतल्या दाराच्या आड उभी होती. तिला कळत होतं की पाऊल पुढं टाकायचं आणि म्हणायचं, मी केलं. पण त्याच्यामागून का हा प्रश्न येणार होता. पाऊल उचललं गेलं नाही. तिला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मन्हा हातथीन व्हयनं," म्हणत आबांनी ते स्वतःवर घेतलं. "काहीतरी दाबाई गयं."

भूमिका आबांवर कधी चिडत नसे, त्या दिवशी चिडली. तुम्हाला कळत नाही तर तुम्ही हात कशाला लावता, असं काहीतरी बोलून गेली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने पेन ड्राइव्ह उचलला आणि मैत्रिणीकडे, काजलकडे, निघाली. काजलकडे बऱ्याचशा नोट्स होत्या, निदान तेवढ्या तरी मिळाल्या असत्या. अंगणाचं फाटक जोरात आपटलं.

घरात आता दोघंच राहिली. दाराच्या आड सून, खाटेवर सासरा. आबांनी तिच्यासाठी खोटं बोलून घेतलं होतं, एवढं तिला कळलं होतं. का बोलले, ते कळत नव्हतं. आता ते उठून गोठ्यात जातील, म्हशीला काहीतरी सांगतील, आणि आपण इथून ऐकू, असं तिला वाटलं. आबा उठले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलंही नाही, नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

"दीपमाला," ते म्हणाले.

तिला आधी वाटलं, भास झाला. या घरात सासऱ्याच्या तोंडून तिचं नाव निघतं कसं, हेच तिला सुचेना. तिने चौकट घट्ट धरली.

"ते पान मी उघडं ठेवस. तुन्हाकरता," आबा म्हणाले. "तू रोज पुशी टाकस, मी रोज परत उघडस. मन्हं बोट दुखाले लागनं, बेटा."

दीपमाला तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. एवढे दिवस ती मशीनला घाबरत होती, जाहिरातींना घाबरत होती, खात्याला घाबरत होती. आणि म्हातारा एका बोटाने दवाखान्याचं नाव जुळवत, एकेक अक्षर शोधत, तिची दुपारची वेळ व्हायच्या आत पान उघडून शेतात निघून जात होता. सुनेच्या छातीतल्या गाठीविषयी सासऱ्याने बोलायचं कुणाच्या तोंडून? नातीच्या? म्हशीच्या? त्याला जे तिसरं माणूस सापडलं ते हे मशीन. आणि तिने त्या निरोपाला कचरा समजून रोज झाडून टाकलं होतं.

मग आबा जे बोलले ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलेलं नसावं, कारण शब्द एकेक करून येत होते.

"तुन्ही सासू पोटना दुखणामा नही गयी. तिले बी गाठ व्हती. तिनी कोणलेच सांगं नही. माले समजनं तवय भलता उशीर व्हई गयथा. लोकेस्ले आम्ही पोटनं दुखणं सांगं."

बाहेर म्हैस पाण्यासाठी ओरडत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दीपमालाने न पाहिलेली सासू, भिंतीवर हार घातलेली, कपाळावर मोठं कुंकू असलेली, तिला एकाएकी फार जवळची वाटली. तीही अशीच आंघोळीच्या वेळी एकटी उभी राहिली असेल. तिच्यावेळी पुसायला काही मशीन नव्हतं, तिने नुसतं तोंड मिटून घेतलं असेल. दीपमालाचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं तिला सुचलं नाही. तिने सासऱ्याकडे सरळ बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे तिने नीट पाहिले नव्हते.

"आबा," ती म्हणाली, "माले भ्याव वाटस."

"माले बी वाटस," आबा म्हणाले.

एवढं मोठं माणूस भितं, आणि तसं बोलूनही दाखवतं, हे ऐकून तिला रडू कोसळलं. आबांनी तिला रडू दिलं. काही होत नाही, साधी असेल, असं ते म्हणाले नाहीत. तसं म्हणणारी पानं तिने पुष्कळ वाचली होती.

मग आबांनी खाटेखालच्या चपला पायाने ओढल्या. दवाखाना संध्याकाळी सातपर्यंत उघडा असतो, आत्ता निघालो तर नंबर लागेल, शुक्रवारी बाई स्वतः असतात, असं सगळं ते धडाधड सांगत गेले. पान पुसलं गेलं होतं, पण रोज उघडून उघडून म्हाताऱ्याला ते पाठ झालं होतं. दीपमाला म्हणाली, उद्या हे येतील, त्यांना घेऊन जाऊ. आबांनी नाही म्हणून मान हलवली. नवनीतला मी सांगेन, भूमिकालाही मी सांगेन, पण वाट बघत बसायचं नाही, असं ते म्हणाले. तिने तोंड धुतलं, साडी बदलली, काजलच्या घरी बटणांच्या फोनवरून निरोप ठेवला की आम्ही नंदुरबारला जाऊन येतो.

फाट्यावर दोधूची रिक्षा उभी होती. दोधू वाईट माणूस नाही, पण त्याच्या रिक्षात बसलेली बातमी बसलेल्या माणसाच्या आधी गावात उतरते. भिला पाटील आणि त्यांची सून एका रिक्षात, शेजारी शेजारी, हे बघूनच त्याचे डोळे मोठे झाले. आबांनी दवाखान्याचा पत्ता सांगितला. दोधूने रिक्षा सुरू केली, आरसा जरा वळवून घेतला आणि विचारलं, "आबा, कोन बिमार शे?"

आबांच्या तोंडावर खोटं उत्तर तयार होतं हे दीपमालाला दिसलं. गुडघा दुखतो म्हणाले असते, डोळे तपासायचे म्हणाले असते, आणि दोधूला ते पटलंही असतं. रिक्षा गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना वाळत घातलेली मिरची मागं पडत गेली. दीपमालाने आरशात दोधूकडे बघितलं.

"मी," ती म्हणाली. "मन्ही छातीमा गाठ शे."

दोधूने आरसा सरळ केला. पुढं नंदुरबार येईपर्यंत रस्त्यात खड्डा आला की तो रिक्षा हळू घ्यायचा.